लोहाची गोळी आणि यकृतातला पाटकरी

मोबाइलवर एक संदेश अधूनमधून फिरत येतो: गरोदर बाईने रोज पेलाभर बिटाचा रस घेतला की महिन्याभरात रक्त भरून येतं. रस लाल म्हणून रक्त वाढणार, एवढाच त्याचा आधार. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमही भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी आणि आपल्या जळगावच्या केळीत तर नावापुरतंच. बीट खुशाल खावं. पण त्याच्या भरवशावर आशाताईंनी दिलेली लाल गोळी फडताळात पडून राहते, तेव्हा मात्र राग येतो.

‘आंगमा रगत नही’ हे आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं की तो आजार आहे हेच विसरायला होतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना तो होता. त्याआधीच्या पाहणीत आकडा ५०.४ होता, म्हणजे तो घटायच्या ऐवजी वाढला. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा सरकारी कार्यक्रम तर १९७० पासून चालू आहे. लवकर लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खाणं ही कारणं खरीच आहेत. पण गोळी गिळल्यानंतर पोटात काय घडतं, हे कुणी फारसं सांगत नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं.

आधी हिशेब पाहू. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळाला आणि वारेला, ५०० आईच्या वाढलेल्या लाल पेशींना, बाकीचं रोजच्या झिजेत जातं. शेवटच्या तीन महिन्यांत रोज ६-७ मिलिग्रॅम लोह रक्तात शिरायला हवं. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. मग अडतं कुठे?

जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. लघवीवाटे मीठ जातं, तसं लोह जात नाही, आणि साठलेलं लोह यकृताला, हृदयाला इजा करतं. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत येण्याच्या वाटेवरच आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी अन्नातलं लोह आधी स्वतःत ओढून घेतात. तिथून ते रक्तात जायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. हे दार किती उघडं ठेवायचं, ते यकृत ठरवतं. यकृतात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक तयार होतं. अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही साखळी शास्त्रज्ञांना सापडली २००० सालाच्या सुमारास. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं, आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. पांझरा नदीकाठच्या फड बागायतीत, म्हणजे पाटाच्या सामाईक पाण्यावरच्या शेतीत, कोणत्या फडाला पाणी सोडायचं आणि कुठलं बंद करायचं हे पाटकरी बघतो, तेच काम इथे हेप्सिडिन करतं. दार बंद झालं की लोह आतड्याच्या पेशीतच अडकतं. या पेशींचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. पेशी झडली की तिच्यातलं लोहही शौचावाटे निघून जातं.

हेप्सिडिन वाढतं दोन प्रसंगी. अंगात लोहाचा साठा पुरेसा असला तर, आणि जंतुसंसर्ग झाला तर. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर ते लपवून ठेवतं. हिवतापात किंवा लघवीच्या जुनाट संसर्गात गोळ्या घेऊनही एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, हलत नाही, त्याचं एक कारण हे. याउलट अस्थिमज्जेला नव्या लाल पेशी घाईने बनवायच्या असतात, तेव्हा तिथल्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचं संप्रेरक सोडतात आणि हेप्सिडिन खाली येतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धातही ते खूप उतरतं. आईचं शरीर बाळासाठी दार उघडंच ठेवतं.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोहाच्या एका गोळीनंतर साधारण दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. हे वाचून कुणी मनानेच एक दिवसाआड गोळी सुरू करू नये. त्या चाचण्या गरोदर नसलेल्या तरुणींवर झाल्या होत्या. आपल्याकडे गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, असाच नियम आहे. मात्र दुपारी विसरली म्हणून रात्री दोन घेण्यात काही अर्थ नाही, हे यावरून कळतं.

दारापर्यंत लोह पोचू देणं मात्र आपल्या हातात आहे. ज्वारी-बाजरीतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला आधीच धरून ठेवतं. म्हणून जेवणानंतर लगेच चहा नको, आणि गोळी तर चहासोबत कधीच नको. कॅल्शियमच्या गोळीशी दोन तासांचं अंतर ठेवावं. भाकरीसोबतच्या भाजीवर ताटात लिंबू पिळावं, पेरू खावा. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला सोप्या रूपात येतं. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ आंबवतात, त्यात फायटेट बरंचसं मोडतं. आपल्या आज्यांची ती रीत या दृष्टीनेही चांगलीच आहे.

गोळीने शौचाला काळं होतं ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीने बाळ काळं होतं हे साफ खोटं, आणि केशराने गोरं होतं हेही. बाळाचा रंग आईबापाच्या जनुकांवर ठरतो.

महिनाभर नियमित गोळ्या घेतल्यावर एचबी साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही, तर नुसत्या गोळ्या वाढवून भागत नाही. जंत, संसर्ग, ब-१२ ची कमतरता, सगळं तपासावं लागतं. धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजारही आहे. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसच, त्यामुळे त्या बाईचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच असेल असं नाही. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी सिकलसेलची प्राथमिक चाचणी तिथे पहिल्या तपासणीलाच व्हावी. ती पॉझिटिव्ह आली तर हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस, आणि नवऱ्याचीही तपासणी, दोन्ही त्याच महिन्यात उरकून घ्यावं.