पित्त नावाचा गोंधळ

पंगतीत बासुंदी-पुरी झाली आणि रात्री पोटात कळ आली, की घरचं निदान तयारच असतं: पित्त झालंय. मग सोडा, आमसुलाचं सार, थंड दूध. गंमत अशी, की ज्याने छातीत जळजळतं ते जठरातलं आम्ल आणि अंगावर उठतात त्या गांधी, दोघांनाही आपण पित्तच म्हणतो. खरं पित्त वेगळंच. ते यकृतात तयार होतं आणि उजव्या बरगडीखालच्या पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं. तुपकट जेवण झालं की ही पिशवी आकसते. आत खडा असेल आणि तो तोंडाशी अडकला, तर कळ येते. ती चढत जाते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. ढेकर दिल्याने ती थांबत नाही.

दुसरा गोंधळ ‘खडा’ या शब्दाचा. मुतखड्यासाठी घेतात ते कुळथाचं कढण इथेही सुचवलं जातं. पण पित्ताशयाचा आणि लघवीच्या वाटेचा संबंधच नाही. कितीही पाणी प्यालात तरी हा खडा धुऊन जाणार नाही.

दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्रास काहीच नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. एकदा कळ येऊन गेली असेल, तर मात्र थांबली म्हणून विसरू नये. ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांत हे मुलांच्या बाबतीतही ध्यानात ठेवावं. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि त्यातल्या रंगद्रव्याचे काळे खडे लहान वयातही होतात.

काही वेळा सकाळची वाट बघायची नसते. कळ पाच तासांवर गेली, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर रात्रीच दवाखाना गाठावा. खडा पित्ताच्या मुख्य नळीत उतरला की तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि दोन्ही जिवावर बेतू शकतं. म्हातारी माणसं आणि मधुमेही यांना अशा वेळीही कधी कधी फार दुखत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत आणखी लवकर निघावं. घाम, धाप असेल तर आधी ईसीजी. हृदयाचं दुखणंही पोटात येतं.

निघताना चहासुद्धा घेऊ नये. उपाशीपोटी पित्ताशय भरलेलं राहतं आणि सोनोग्राफीत खडे स्पष्ट दिसतात.