होल्डिंग पाँडमधली तिवरं : वाद कुठून आला?

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईत एक प्रश्न हमखास निघतो. होल्डिंग पाँडमधला, म्हणजे पावसाचं पाणी थांबवून ठेवणाऱ्या तलावांमधला, गाळ काढायचा, तर त्यात वाढलेल्या तिवरांचं, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडांचं, काय करायचं? हा वाद पालिका विरुद्ध पर्यावरणप्रेमी असा रंगवला जातो. मला ते पटत नाही. इथे समोरासमोर आली आहेत ती शास्त्रानेच दिलेली, वेगवेगळ्या काळात धोरणात उतरलेली दोन उत्तरं.

पहिलं उत्तर शहराच्या जन्माचं. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि खाजणांवर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीवर, भराव पडला. सखल भाग भरतीच्या पातळीखाली राहिले, म्हणून डच धर्तीवर हे तलाव आणि त्यांच्या तोंडाशी झडपा आल्या. भरती आली की खाडीच्या रेट्याने झडप मिटते. त्या वेळी पडलेला पाऊस तलावात थांबतो आणि ओहोटीला झडप उघडून बाहेर पडतो. झडप नीट मिटली नाही, तर मात्र उधाणाबरोबर गाळ आत येतो आणि तिवराचं बीही. वाशीतल्या एखाद्या तलावाकाठी ओहोटीच्या वेळी उभं राहून पाहावं. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात. झाड त्यांतून श्वास घेतं.

दुसरं उत्तर किनाऱ्याच्या रक्षणाचं. १९९१ ची सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना बंधनं घालणारी, अधिसूचना आली. २००५ मध्ये, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्याच वर्षी, मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करायला सांगितलं. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा. या संरक्षणामुळे खाडी वाचली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आता तलावातलं तिवर काढायचं तर न्यायालयाची परवानगी लागते आणि गाळ तिथेच साचत राहतो.

या सगळ्यात एक जुनी गोष्ट मागे पडली. झडपेची युक्ती काही हॉलंडहून पहिल्यांदा आलेली नाही. ठाणे-रायगडचे आगरी शेतकरी खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचं तोंड, ठेवत. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि पावसाचं गोडं पाणी ओहोटीला सोडायचं, हेच तिचं काम. बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरून भात जाई, म्हणून डागडुजी गावाने मिळून करायची असे. जमिनी गेल्या तशी बांध आणि उघाडी सांभाळणारी माणसंही त्या कामातून बाजूला पडली. शहराला झडपा मिळाल्या, पण त्यांच्यावर रोजची नजर ठेवणारं गाव मिळालं नाही.

गाळाचा पुढचा अर्ज न्यायालयात जाईल तेव्हा त्यात अभियंत्याचं मत हवं, वनस्पतिशास्त्रज्ञाचंही हवं. पण त्याआधी कुणीतरी करावे-दिवाळे या नवी मुंबईतल्या जुन्या गावांत जाऊन उघाडी पाहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं, की गाळ आधी कोणत्या तोंडाशी साचायचा.