पोट कापलं, पण चरबीच्या पेशी तिथंच आहेत

मुंबईत वजन कमी करायची शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. नात्यात, सोसायटीत, ऑफिसात ‘स्लीव्ह’ किंवा ‘बायपास’ करून घेतलेलं एखादं तरी माणूस भेटतंच. पहिल्या वर्षी त्याचं कोण कौतुक होतं. पाच-सहा वर्षांनी कुठल्याशा लग्नात तेच नातेवाईक त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, “ऑपरेशन केलं होतंस ना? मग पुन्हा कसं वाढलं? तोंडावर ताबा नको का?” हे ऐकलं की मला मनापासून राग येतो. बोलणाऱ्याला वाटतं, आपण शिस्तीबद्दल बोलतोय. प्रत्यक्षात शरीर काय करतं याची त्याला कल्पनाच नसते.

आधी आकडे बघू. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. वजनासाठी शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार लोक आणि न केलेले तेवढेच, अशी ती तुलना होती. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. १२० किलोच्या माणसाचा हिशेब मांडला तर तो ८२ पर्यंत उतरला आणि नंतर ९० वर स्थिरावला. म्हणजे आठ किलो परत येणं ही सरासरी झाली, कुणाचा गुन्हा नव्हे. उरलेली ३० किलोंची घट दहा वर्षं टिकली हेही विसरू नका. शस्त्रक्रिया न केलेल्यांचं वजन एवढ्या काळात जवळपास होतं तिथंच राहिलं, आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. तेव्हा “पैसे पाण्यात गेले” असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मग वजन परत का येतं? लोकांचं नेहमीचं उत्तर असतं, “पोट ताणलं गेलं.” काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण ही शस्त्रक्रिया मुळात फक्त पोट लहान करून काम करत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने तिथेच तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न तिथे लवकर पोचतं, त्यामुळे ‘पोट भरलं’ असं मेंदूला कळवणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जोरात स्रवतात. म्हणून पहिलं वर्ष-दीड वर्ष भूकच लागत नाही. सर्जन मंडळी याला ‘हनिमून पीरियड’ म्हणतात.

या सगळ्यात चरबीच्या पेशींना मात्र कुणी हात लावलेला नसतो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माणूस बारीक होतो तेव्हा त्याच्या चरबीच्या पेशी मरतात की नुसत्या रिकाम्या होतात? पेशीवर जन्मतारीख लिहिलेली नसते, मग हे ओळखायचं कसं? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी चक्क अणुबाँबची मदत घेतली. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिका, सोव्हिएत रशिया वगैरे देशांनी उघड्या हवेत अणुचाचण्या केल्या. त्यामुळे वातावरणातल्या कार्बन-१४ चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सर्गी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. १९६३ च्या करारानंतर या चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन वनस्पतींत जातो, त्यांच्यामार्फत आपल्या अन्नात आणि अन्नातून आपल्या शरीरात. पेशी जन्मते त्या वेळी तिच्या डीएनएमध्ये जो कार्बन बसतो, तो पुढे बदलत नाही. तेव्हा डीएनएमधलं कार्बन-१४ मोजा, वातावरणातल्या नोंदीशी ताडून पाहा, की पेशीचं जन्मवर्ष हाती येतं.

२००८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते, प्रौढपणी ती साधारण स्थिर राहते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. याच अभ्यासात वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पेशीही दोन वर्षांनी पुन्हा मोजल्या होत्या. पेशी आकाराने लहान झाल्या होत्या, संख्या मात्र तीच होती.

आता या हजारो कोटी अर्धरिकाम्या पेशी गप्प बसत नाहीत. भरलेली पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये त्याचा शोध लावला. पेशी रिकामी झाली की लेप्टिन घटतं, आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याचा अर्थ ‘दुष्काळ पडला’ असा लावतो. मग भूक वाढते आणि तेवढंच काम शरीर कमी ऊर्जेत उरकू लागतं. शस्त्रक्रियेने आतड्याकडून येणारे ‘पोट भरलं’चे निरोप वाढवलेले असतात, म्हणून सुरुवातीला त्यांची सरशी होते. वर्षं सरतात तशी दोन्हींची रस्सीखेच बरोबरीवर येऊ लागते.

एवढ्यावरच भागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फर्डिनांड फॉन मायेन यांच्या गटाने दाखवलं, की या पेशींना जुना लठ्ठपणा आठवतो. पेशीच्या केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती, रिळाला दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. या हिस्टोनवर छोट्या रासायनिक खुणा असतात. कुठला भाग सैल सोडायचा आणि कुठला घट्ट ठेवायचा, म्हणजे कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद, हे या खुणा ठरवतात. लठ्ठपणात त्या बदलतात. लठ्ठ केलेल्या उंदरांना बारीक केल्यावरही बदललेल्या खुणांपैकी बऱ्याच तशाच राहिल्या. त्या उंदरांना पुन्हा तेलकट खाणं दिलं, तेव्हा त्यांचं वजन कधीच लठ्ठ नसलेल्या उंदरांपेक्षा झपाट्याने वाढलं. माणसांत या गटाने शस्त्रक्रियेआधीच्या आणि दोन वर्षांनंतरच्या चरबीचे नमुने तपासले. वजन भरपूर उतरूनही अनेक जनुकांचं वागणं लठ्ठपणातल्यासारखंच राहिलं होतं.

चरबीची पेशी सरासरी दहा वर्षं जगते. म्हणून फॉन मायेन यांचा तर्क असा, की वजन पुरेशी वर्षं कमी ठेवलं तर ही आठवण कदाचित पुसली जाईल. अजून तो तर्कच आहे, पण मला तो फार आशादायक वाटतो.

इतकं किचकट यंत्र शरीरात चालू असताना लोकलच्या डब्यात ‘महिन्यात १५ किलो, नो डाएट, नो एक्सरसाइज’ अशी स्टिकरं चिकटलेली दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जिऱ्याच्या पाण्याने चरबी ‘वितळते’. पोटाला पट्टा बांधून घाम गाळला तर पाणी जातं, आणि दोन ग्लास पाणी प्यायलं की ते परत येतं. चरबी खरोखर जळते तेव्हा तिच्या वस्तुमानाचा सुमारे ८४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, उरलेल्याचं पाणी होतं. शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेली माणसं आधीच खचलेली असतात. त्यांच्या खिशाला हात घालणारे हे धंदे मला संतापजनक वाटतात.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे सर्जनकडे परत जायचं. लाजेपोटी अनेकजण फॉलोअप सोडतात आणि तीच वर्षं हातची जातात. एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे काढून पोटाची पिशवी किंवा बायपासचा जोड रुंदावलाय का ते दिसतं. थायरॉइड तपासतात. स्टेरॉइड, इन्शुलिन, नैराश्यावरची काही औषधं वजन वाढवतात, तीही पाहतात. आहारतज्ज्ञ बहुतेकदा पातळ आणि भुगा होणाऱ्या खाण्याबद्दल विचारतात. लहान पोटाला दोन पोळ्या जड जातात, पण दिवसभरातले पाच-सहा गोड कटिंग, उसाचा रस, आइस्क्रीम, येता-जाता तोंडात टाकलेली शेव सहज सरकून जाते आणि पोट भरल्याची जाणीवच होत नाही. प्रथिनं वाढवणं आणि वजनं उचलायचा व्यायाम करणं यामागचं कारण स्नायू टिकवणं हे आहे.

औषधांचा मार्ग आता खरोखर उघडला आहे. लंडनमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसं न उतरलेल्यांना २४ आठवडे लिराग्लुटाइडचं इंजेक्शन दिलं. त्यांचं वजन जवळपास ९ टक्क्यांनी उतरलं, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांचं जेमतेम अर्ध्या टक्क्याने. २०२५ मध्ये तिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतातही आलं. ही औषधं म्हणजे आतड्याच्या त्याच निरोपांची नक्कल आहे. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, त्यामुळे केमिस्टकडून परस्पर आणून चार महिने टोचून घेण्यात अर्थ नाही. स्लीव्हचं रूपांतर बायपासमध्ये करता येतं, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेत धोका पहिलीपेक्षा जास्त असतो.

आणि वजन वाढलंय म्हणजे पोषण उत्तम आहे असं समजू नका. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची कमतरता वाढलेल्या वजनातही असू शकते, म्हणून दरवर्षी रक्त तपासायला हवं. जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद शोधून बरोबर न्या. पोटाचा कुठला भाग काढला, आतडं किती लांबीवर जोडलं, हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय डॉक्टरांना घेता येत नाही.