भूमध्य समुद्राचा ‘ऑफ-सीझन’ आला कुठून?

ऑक्टोबर सरत आला की ग्रीसच्या बेटांवर आवराआवर सुरू होते. किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधतात, छत्र्या मिटून गोदामात जातात, हंगामापुरते आलेले वेटर आपापल्या गावी परततात. समुद्र मात्र अजून आवरायला तयार नसतो. क्रीटच्या आसपास ऑक्टोबरात पाणी २३ अंशांच्या घरात असतं. मे महिन्यात, हॉटेलं नुकतीच उघडलेली असताना, ते जेमतेम १९ असतं. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली ऊब समुद्र शरदात खर्च करत बसतो. ग्रीक लोक ऑक्टोबरच्या अखेरच्या उबदार दिवसांना संत दिमित्रिओसचा ‘छोटा उन्हाळा’ म्हणतात. स्पेनमध्ये असेच दोन आहेत, एक २९ सप्टेंबरच्या सान मिगेलचा आणि दुसरा ११ नोव्हेंबरच्या सान मार्तिनचा. आपल्याकडे ‘ऑक्टोबर हीट’ ही तक्रार असते. तिकडे ते कौतुक आहे.

मग ऊन आणि पाणी दोन्ही जागेवर असताना दुकान बंद का होतं? हंगाम ठरवण्यात हवामानाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी आहे. दीडशे वर्षांपूर्वी याच समुद्राकाठी हंगाम बरोबर उलटा होता.

टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर-लेखक १७६३ साली छाती पोखरलेल्या अवस्थेत नीसला पोचला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. तिथे त्याने दोन गोष्टी केल्या. एक, तो समुद्रात उतरला. क्षयाचा संशय असलेला माणूस समुद्रात डुंबतो हे पाहून गावकरी चक्रावले. दुसरी, त्याने हवेची नोंद ठेवली: वारा कुठून, ऊन किती, पाऊस कधी. १७६६ साली त्याची प्रवासपत्रं छापली गेली, त्यांच्या शेवटी ही नोंद जोडलेली होती. लंडनच्या धुक्यात खोकणाऱ्या माणसाला ते कोरडे तक्ते एखाद्या औषधाच्या चिठ्ठीसारखे वाटले असणार.

पुढे इंग्रजांची रीघ लागली, पण ती हिवाळ्यासाठी. शरदात यायचं, एप्रिल-मेपर्यंत राहायचं आणि उकाडा सुरू व्हायच्या आत पळायचं. या पाहुण्यांना फ्रेंचमध्ये ‘इव्हेरनाँ’, म्हणजे हिवाळा काढणारे, असं नावच पडलं. १८२०च्या दशकात नीसमधल्या इंग्रजांनी वर्गणी काढून, गावातल्या गरिबांना कामाला लावून समुद्राकाठची पायवाट बांधली. आजचा प्रॉमनाद देझाँग्ले तो हाच. १८३४मध्ये लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश राजकारणी इटलीकडे निघाले होते. कॉलऱ्यामुळे सरहद्दीवर अडवल्यावर ते कान नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबले, तिथेच बंगला बांधला आणि १८६८ साली तिथेच वारले. १८६४मध्ये रेल्वे नीसला पोचली. १८९७मध्ये नीसमधल्या सिमिएच्या टेकडीवर रेजिना हॉटेल उभं राहिलं ते राणी व्हिक्टोरियाच्या मुक्कामासाठी. या सगळ्या थाटाला दुसरी बाजूही होती. याच किनाऱ्यावरच्या मॉन्तों गावात, टेकडीवरच्या दफनभूमीत परदेशी नावं ओळीने दिसतात, आणि त्यांतली कित्येक तरुणांची आहेत. हवापालट सगळ्यांनाच मानवला नाही.

त्या काळात मे ते सप्टेंबर हा मेलेला मोसम. हॉटेलं कुलूपबंद. रापलेली कातडी म्हणजे शेतमजुराची खूण, म्हणून बायका छत्री घेतल्याशिवाय उन्हात पाऊल टाकत नसत.

काटा फिरला १९२०च्या दशकात. १९२३ साली जेरल्ड आणि सारा मर्फी या श्रीमंत अमेरिकन जोडप्याने नीसजवळच्या आँतीबमधल्या ओतेल द्यु काप या हॉटेलच्या मालकाला गळ घातली, की उन्हाळ्यात थोडे नोकर ठेवून आमच्यापुरतं हॉटेल चालू ठेवा. मालक तयार झाला. जेरल्ड रोज जवळच्या गारूपच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राने टाकलेलं शेवाळ दाताळ्याने ओढून काढायचा, तेवढीच वाळू बसण्याजोगी व्हायची. हळूहळू रापलेली कातडी श्रीमंतीची खूण झाली, आणि दहा वर्षांच्या आत रिव्हिएराच्या, म्हणजे नीस-कानच्या या किनारपट्टीच्या, हॉटेलवाल्यांना उन्हाळा पैसा देऊ लागला. अर्थात एका जोडप्याने इतिहास बदलला ही कहाणी ऐकायला बरी. खरं वजन कायद्याचं होतं. १९३६ साली लेओं ब्लूम यांच्या सरकारने फ्रेंच कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली, सवलतीची रेल्वे तिकिटं काढली. ब्रिटनने भरपगारी सुट्टीचा कायदा १९३८मध्ये केला. आता सुट्टी लाखोंची झाली, आणि तीही शाळा बंद असतील आणि कारखाने थंडावतील तेव्हाच घ्यायची, म्हणजे जुलै-ऑगस्टात. समुद्राने काही ठरवलं नाही, शाळेच्या घंटेने ठरवलं.

विमानाने ही गाठ पक्की केली. मे १९५०मध्ये व्लादिमिर राइट्झ यांच्या होरायझन या ब्रिटिश कंपनीने पहिली विमान-पॅकेज सहल नेली, फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीला. ३२ पौंड १० शिलिंगांत प्रवास, तंबूतला मुक्काम आणि पोटभर जेवण. ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग १९५४पर्यंत होतं, त्यामुळे माणसं ऊन पाहून गेली की ताट पाहून, हे सांगणं अवघड आहे. मग स्पेनमधलं बेनिदॉर्म आणि मायोर्का बेट, ग्रीसचं ऱ्होड्स. कोळ्यांच्या गावांत मजल्यांवर मजले चढले. आजही हवाई कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी लागतं. चार्टर, म्हणजे सहल कंपन्यांनी भाड्याने घेतलेली विमानं, थांबली की छोटं बेट मिटतं. तेच युरोपीय प्रवासी मग दुसरीकडे वळतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांची चार्टर विमानं गोव्यात उतरू लागली. पाऊस ओसरल्यावर कळंगुटला शॅक पुन्हा उभे राहतात, तेव्हाच ग्रीसमध्ये खुर्च्या बांधल्या जात असतात.

मग शरदातली सहल कुठून आली? एक धागा थेट बटाट्याच्या शेतात जातो. जर्मनीतल्या शरद-सुट्टीला ‘बटाटा-सुट्टी’ म्हणत, कारण पोरांनी वर्गाऐवजी शेतात जाऊन बटाटे गोळा करायचे असत. डेन्मार्कमध्येही तेच नाव होतं, आणि स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजून ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणतात. यंत्रं आली, बटाटे काढायला पोरांची गरज उरली नाही, सुट्टी मात्र कॅलेंडरवर तशीच राहिली. रिकाम्या आठवड्याला मायोर्काचं विमान मिळालं.

दुसरा धागा स्पेनचा, आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. १९८५ साली तिथल्या सरकारने पेन्शनरांसाठी सवलतीच्या सहली सुरू केल्या. आज ती योजना चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने ‘इमसेर्सो’ म्हणून ओळखली जाते. काही पैसे सरकारचे, बाकीचे आजोबा-आजींचे, आणि सहल ऑक्टोबर ते जूनच्या दरम्यान. म्हाताऱ्यांना ऊब मिळते आणि हॉटेल उघडं राहिल्याने आचारी, सफाईवाल्या बायका, बसचालक बेकार होत नाहीत. नोव्हेंबरच्या दुपारी बेनिदॉर्मच्या हॉटेलात जेवणानंतर संगीत लागतं आणि सत्तरीची जोडपी एकमेकांचा हात धरून नाचायला उठतात. जुलैतल्या बीअरवाल्या गर्दीचं गाव हेच, हे सांगून खरं वाटणार नाही. सवलतीच्या दरात परवडत नाही ही हॉटेलवाल्यांची कुरकुर तेवढी कायम आहे.

आणि आता ऊनच हंगाम पुन्हा फिरवतंय. जुलै २०२३मध्ये अथेन्सचं अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं, आणि त्याच महिन्यात ऱ्होड्सवर वणव्यांमुळे हजारो पर्यटकांना हॉटेलांतून हलवावं लागलं. २०२४च्या जुलैत बार्सिलोनाच्या आंदोलकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. उन्हाळ्यात गर्दी आणि काहिली दोन्ही नकोशी झाल्यावर लोक सप्टेंबर-ऑक्टोबरकडे सरकणारच. पण शरद म्हणजे बिनधोक, असं कुणी समजू नये. तापलेल्या समुद्राची वाफ आणि वरून आलेली थंड हवा यांची गाठ याच महिन्यांत पडते. २९ ऑक्टोबर २०२४ला व्हॅलेन्सियाच्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली.

आपल्याकडे युरोप म्हणजे मे महिना हे गणित अजून पक्कं आहे. दिवाळीच्या सुट्टीत भूमध्य समुद्र गाठायचा तर दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहावी लागतात. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. भाऊबीज उरकून निघणाऱ्यांच्या हाती उन्हाळी वेळापत्रकाचे मोजून दोन-तीन दिवस लागत होते. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने दिवाळी ८ नोव्हेंबरपर्यंत सरकते, आणि उन्हाळी वेळापत्रक २५ ऑक्टोबरला संपलेलं असतं. त्या सुट्टीत माल्टा, सायप्रस किंवा समुद्रापासून आत असलेलं स्पेनमधलं सेव्हिया (सेव्हिल) जमेल. ग्रीसच्या सिफ्नोससारख्या छोट्या बेटावर मात्र खुर्च्या बांधून झालेल्या असतील.