सहा खलाशी, एक होडी आणि उलटं समीकरण

मालवणच्या बंदरात जेवढ्या होड्या आहेत, त्यांच्या सहापट खलाशी आहेत. होड्यांची संख्या ह आणि खलाशांची संख्या ख, तर समीकरण मांडा.

आठवीच्या वर्गात हे गणित घातलं, की बऱ्याच वह्यांत 6ख = ह उमटतं. खरं उत्तर बरोबर उलटं: ख = 6ह.

'पोरांचं लक्षच नसतं' म्हणून हात झटकता येत नाहीत. गणित शिकण्यातल्या चुकांचा अभ्यास करणारे संशोधक जॉन क्लेमंट यांच्या 1982 सालच्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या 150 विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता, फक्त तिथे प्राध्यापक आणि विद्यार्थी होते. 37 टक्के चुकले, त्यातले बहुतेक असेच उलटे. मग काही जणांना मोठ्याने बोलत गणित सोडवायला लावलं, तेव्हा खरी गोम कळली. काही जण वाक्यातले शब्द ओळीने चिन्हांत उतरवत होते. पण काहींना विद्यार्थी जास्त आहेत हे पक्कं ठाऊक होतं, तरी ते उलटंच लिहीत होते! त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र होतं: एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला एक. तेच चित्र त्यांनी कागदावर काढलं. त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे संख्या नव्हती, माणूस होता; आणि '=' म्हणजे 'याच्या जोडीला हा'. प्राथमिक शाळेत त्याच चिन्हाचा अर्थ 'उत्तर येतं' एवढाच घोटलेला असतो, हेही आहेच.

भास्कराचार्यांच्या 1150च्या सुमाराच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत, पहिलं सोडलं तर बाकीची रंगांची. नीलकाला कुणी खलाशी समजणार नाही. आपण मात्र सोय म्हणून होडीचा ह घेतो आणि घोटाळ्याला आयतं आमंत्रण देतो.

दोघांना एका वहीवर बसवलं, तर ही गाठ पुष्कळदा आपोआप सुटते.

"एका होडीवर सहा खलाशी. मगे 6ख बरोबर ह. बरोबर मा?"

"ह दहा घाल बघू."

"6ख बरोबर दहा... ख म्हणजे दहा भागिले सहा. दीडच्या वर थोडं."

"मगे दहा होड्यांक दोन खलाशी पण नाय?"

इथे बाईंनी मध्ये पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर सांगितलं तर पोरगं खोडरबर घेतं, ख आणि ह यांची अदलाबदल करतं आणि डोक्यातलं चित्र होतं तिथेच राहतं.

ते चित्र पुढच्या गणितात पुन्हा वर येतं. दर चार पापलेटांमागे पाच बांगडे, तर? अशाच धर्तीच्या प्रश्नात क्लेमंट यांचे 73 टक्के विद्यार्थी चुकले होते. हात आपसूक 4प = 5ब लिहितो. चाळीस पापलेट आणि पन्नास बांगडे घालून बघा: एकीकडे 160, दुसरीकडे 250. 5प = 4ब लिहिलं, की दोन्हीकडे 200.