मूल शाळेत जात नाही: हजेरीच्या माफीचा अर्ज नेमका कुठे अडतो

युनिफॉर्म घातलेला, दप्तर पाठीला, एक बूट पायात, दुसरा हातात, आणि मूल दाराशीच थिजून बसलेलं. हे रोज सकाळी पाहणाऱ्या आईवडिलांना अर्जाची आठवण होते ती डिसेंबरअखेर, शाळेतून हजेरीचं पत्र आल्यावर. मी शाळेच्या कार्यालयात असे अर्ज हाताळते. आजार खोटा वाटला म्हणून नाकारलेले थोडेच. बहुतेक अडतात ते कागद मागाहून केलेले असतात म्हणून.

मूल आठवीपर्यंतच्या वर्गात असेल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, नाव कापण्याची नाही. ‘दाखला घेऊन जा’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ‘लेखी द्या’ म्हणा. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो.

खरी कसोटी दहावी-बारावीला. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. उरलेले २५ टक्के म्हणजे आपली हक्काची रजा, असं पालक धरून चालतात. तसं नाही. तेवढी सूटसुद्धा आजारपणासारख्या निकडीसाठीच आहे, तीही कागदांसह. हजेरी ७५ च्या खाली गेली की माफीचं (क्षमापनाचं) प्रकरण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातं. हजेरी १ जानेवारीपर्यंतची मोजतात आणि प्रकरण ७ जानेवारीपर्यंत पाठवायचं असतं. पण ही ७ तारीख शाळेची आहे, तुमची नव्हे! सहाला संध्याकाळी फाइल घेऊन धावत येणारे पालक दरवर्षी असतात. तुमचे कागद डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच शाळेत पोचायला हवेत. राज्य मंडळाच्या शाळेत असाल तर तिथली तारीख आत्ताच विचारून ठेवा.

लागतं काय? पालकांचा अर्ज, सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, उपचारांचे सगळे रिपोर्ट आणि विहित नमुन्यातली शाळेची शिफारस. यातलं दुसरं जवळजवळ कुणाकडेच नसतं, कारण मूल दाखवलेलं असतं खासगी मानसोपचारतज्ज्ञांना. जे मूल खोलीबाहेर येत नाही त्याला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रांगेत बसवायचं, हा नियम कुणी केला त्याला एकदा त्या बाकावर बसवायला हवं. पण नियम आहे. तेव्हा उपचार खासगी चालू राहू देत, सरकारी मानसोपचार विभागात लवकर एक केसपेपर काढून ठेवा आणि आधीच्या चिठ्ठ्या तिथे दाखवा.

समुपदेशकांचं पत्र जरूर जोडा. शिफारस लिहिताना आम्हाला त्याचा उपयोग होतो. मात्र ते वैद्यकीय प्रमाणपत्र धरलं जात नाही.

आता जे सांगायला मलाच अवघड जातं ते. लोक काय म्हणतील म्हणून रजेच्या अर्जात ‘ताप’, ‘पोटदुखी’ लिहू नका. एका फाइलीत जूनपासून अकरा अर्ज पोटदुखीचे होते आणि जानेवारीत प्रमाणपत्र आलं तीव्र चिंताविकाराचं. पोट खरंच दुखत असणार, चिंतेने मुलांचं दुखतंच. पण तपासणाऱ्याला दिसतं एवढंच, की दोन कागद दोन गोष्टी सांगताहेत. ‘मानसोपचार सुरू आहेत, डॉक्टरांचा सल्ला सोबत’ एवढी ओळ पुरते. प्रमाणपत्रात निदान आणि कधीपासून कधीपर्यंत, हे दोन्ही हवं. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढ्यावर भागत नाही.

अपंगत्व प्रमाणपत्राच्या मागे सगळ्यांनी लागू नये. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार आहे, पण शाळेत न जाणं हे काही निदान नव्हे. दीर्घकाळचा आजार असेल तर डॉक्टरच सुचवतील.

आणि रागाच्या भरात दाखला काढू नका. मुक्त विद्यालयाचा मार्ग चांगला आहे: एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, नोंदणी ५ वर्षं चालते, परीक्षेच्या ९ संधी मिळतात. पण तिथल्या प्रवेशाची तारीख आणि कागद आधी बघा, मग शाळा सोडा. मधल्या काळात मूल कुठल्याच पटावर नसतं.

रजेचा प्रत्येक अर्ज त्याच आठवड्यात, दोन प्रतींत. एक आमच्याकडे, दुसऱ्यावर तारखेसह पोच. शिक्का मारायला कुणी कुरकुर केली तर तिथेच उभे राहा.