बॅकअप, घरगुती (सोलापूर)

बॅकअप, घरगुती : वैयक्तिक संगणकावरील फायलींच्या प्रती मूळ जागेपासून वेगळ्या राखणे आणि वेळ आल्यास त्या परत मिळवणे, ही पद्धत. कचेरीत या कामाला माणूस नेमलेला असतो. घरात ते कोणाकडेच नसते, त्यामुळे ते सहसा संगणक बिघडल्यावर दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून होते. सोलापुरात घर आणि धंदा एकाच आवारात असण्याची प्रथा जुनी असल्याने, विशेषतः पूर्व भागातील यंत्रमागधारकांकडे, ‘घरगुती’ फायलींमध्ये बारशाच्या छायाचित्रांबरोबर टॉवेलांची डिझाइने आणि सुताचा जमाखर्चही येतो. प्रस्तुत नोंदीत हा सारा व्यवहार एकत्रच धरला आहे.

पूर्वेतिहास : छिद्रांच्या पत्त्यांवर माहिती साठवणारा जॅकार्ड माग (१८०४) सोलापुरी चादरीच्या नक्षीला कारणीभूत असल्याने, पत्त्यांचा जादा संच हाच येथील पहिला बॅकअप, अशी मांडणी करण्याचा मोह होतो. ती ओढाताणीची वाटते. जादा संच पत्ते झिजतात किंवा दुसऱ्या मागावर तीच नक्षी हवी असते म्हणून पाडला जातो. माहिती नष्ट होण्याची भीती हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हे. वैयक्तिक संगणकापुरते बोलायचे तर १९८३ मध्ये आलेल्या डॉस या कार्यप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या आज्ञा होत्या, आणि सुरुवात तेथून धरणे सोयीचे आहे. ४० एमबीची हार्ड डिस्क १.४४ एमबीच्या फ्लॉपींवर उतरवायची तर २८ फ्लॉपी लागत. त्यांतील मधलीच एक खराब निघाली की पुढच्या फायली परत मिळवणे अवघड होई.

सोलापुरातील घरांत संगणक बहुधा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागला. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या (स्थापना १९८३) संस्थांमुळे संगणकाशी परिचय असलेला वर्ग त्याआधी होता, पण घरच्या यंत्राची प्रत घरीच घेणे हे नंतरचे. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने कॉपी-पेस्ट आणि सीडी ‘राइट’ करणे शहराच्या सर्व थरांत नेले. बॅकअपचा प्रसार त्या बेताने झाला असावा.

‘३-२-१’ नियम व त्याचा उगम : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा नियम आज सर्वत्र सांगितला जातो. त्याचे श्रेय अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांना देण्याचा प्रघात आहे. डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील त्यांचे पुस्तक २००५ मध्ये निघाले व त्याची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये. सर्रास २००५ हेच वर्ष दिले जाते. नियमाचा काळ २००५ ते २००९ असा धरणे अधिक सुरक्षित. अमेरिकेच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या २०१२ च्या टिपणात तो आला आणि त्याला अधिकृततेचे वजन मिळाले. दुसरे मत असे, की यात नवे काही नाही. मोठ्या संगणकांच्या काळात चुंबकीय फितींच्या ‘आजोबा-वडील-मुलगा’ अशा पिढ्या राखत. रोजची फीत मुलगा, आठवड्याची वडील, महिन्याची आजोबा, आणि जुनी पिढी दुसऱ्या इमारतीत. हे खरे असले, तरी दोन्ही मांडण्यांचा रोख वेगळा आहे. पिढ्यांची पद्धत काळाचा विचार करते : काल बिघडलेली फाईल आज लक्षात आली, तर परवाची मिळावी. ३-२-१ नियम जागेचा विचार करतो. त्यामुळे क्रोघ यांना जनक न म्हणता नियमाला सुटसुटीत आकडेवारी देणारा म्हणणे योग्य ठरते. शिवाय केवळ आकडे पाळणाऱ्या घरात तिन्ही प्रती कालच्याच असू शकतात, हा दोष जुन्या पद्धतीत नव्हता.

‘डी’ ड्राइव्हची प्रथा : सोलापुरात सर्वाधिक रूढ असलेली पद्धत यांपैकी कोणत्याच नियमात बसत नाही. जुळणी केलेला संगणक देताना विक्रेता एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देई. विंडोज बिघडली की डेस्कटॉपवरचे आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मधले सारे ‘डी’ला टाकायचे, ‘सी’ला फॉरमॅट मारायचा, विंडोज नव्याने चढवायची. अशा संगणकाचा ‘डी’ उघडला की ‘डेस्कटॉप जुना’, त्यात ‘न्यू फोल्डर (२)’, त्यात पुन्हा ‘डेस्कटॉप बॅकअप’ अशी एकात एक घरे सापडतात आणि सर्वांत आतल्या घरात २००६ ची छायाचित्रे. संगणकशास्त्राची पुस्तके या प्रथेला बॅकअप मानत नाहीत, कारण डिस्क बंद पडली की सी आणि डी एकदमच जातात. आक्षेप बरोबर आहे. मात्र त्या काळात घरगुती संगणक बंद पडण्याचे नेहमीचे कारण व्हायरस किंवा अचानक गेलेल्या विजेने बिघडलेली विंडोज हे होते, आणि भारनियमनाच्या वर्षांत यूपीएसची बॅटरी बसलेली असणे नित्याचे होते. त्या दुखण्यावर ‘डी’ ड्राइव्ह लागू पडत असे.

बिघडलेल्या संगणकातून अशा फायली बाहेर काढण्याची सोय अलीकडे संपत आली आहे. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास डिस्क आपोआप कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारी) होण्याचे प्रमाण वाढले. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची व डेटा काढून द्यायचा, हा दुकानातील ठरलेला उपाय अशा डिस्कवर चालत नाही. ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती त्या खात्यात साठवलेली असते, आणि खाते बऱ्याचदा संगणक घेतला तेव्हा विक्रेत्यानेच घाईत उघडून दिलेले असते.

माध्यमे व उष्मा : सीडी-आर (६५० ते ७०० एमबी) आणि डीव्हीडी (४.७ जीबी) यांनी सोलापुरात दशकभर राज्य केले. या तबकड्यांत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर उमटते व तो थर उजेड आणि उष्णता यांनी खराब होतो. लग्नाच्या व्हिडिओंच्या अनेक तबकड्या आज मधल्या कड्यापर्यंत वाचल्या जातात आणि बाहेरच्या कडेला अडतात.

सॉलिड स्टेट डिस्क (एसएसडी), म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, हिच्याबाबतचा वाद सोलापूरच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ‘जेडेक’ या मानक संस्थेच्या जेएसडी २१८ या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने वीज न मिळता ३०° से. तापमानाला एक वर्ष माहिती धरून ठेवावी. कचेरीतील सर्व्हरच्या एसएसडीला ४०° से.ला तीन महिने पुरतात. साठवणीचे तापमान ५ अंशांनी वाढले की ही मुदत साधारण निम्मी होते. मे महिन्यात सोलापूरचे कमाल तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि पत्र्याखालच्या खोलीतील लोखंडी कपाट त्याहून तापते. यावरून येथे कपाटात ठेवलेली एसएसडी उन्हाळ्याभरात कोरी होईल, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. २०१५ मध्ये मानकाच्या समितीतील एका सादरीकरणावरून जगभर अशाच बातम्या आल्या होत्या. त्या आकड्यांची अट मात्र बातम्यांत गळली : ते आकडे लेखनक्षमता पूर्ण संपलेल्या डिस्कसाठी आहेत. नव्या किंवा थोड्या वापरलेल्या डिस्कमध्ये माहिती धरणाऱ्या पेशींचे विद्युत्-निरोधन शाबूत असते व माहिती कितीतरी अधिक काळ टिकते. तरीही दीर्घ साठवणीला फिरत्या चकतीची हार्ड डिस्क बरी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. चुंबकीय नोंद अशा तापमानाला विस्कटत नाही. तिची भीती वेगळी आहे. ती धक्क्याने जाते, आणि मागाच्या शेजारी ठेवलेल्या संगणकात सुताची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसून हवा अडवते. असा संगणक थंडीतही तापतो.

पेन ड्राइव्हविषयी थोडे. २००० च्या सुमारास बाजारात आलेल्या या साधनाच्या जनकत्वावर सिंगापूरची ट्रेक आणि इस्राएलची एम-सिस्टिम्स या दोन्ही कंपन्यांचा दावा आहे. त्याचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. वापरणाऱ्याने सावध राहायचे ते खोट्या क्षमतेबद्दल. आतली चिप ८ जीबीची असून ६४ जीबी दाखवणारा पेन ड्राइव्ह फायली ‘घेतो’. त्यांची नावे, आकार, तारखा सारे यादीत दिसते, पण ८ जीबीनंतरचे उघडत नाही किंवा आधीचेच पुसले जाते. पूर्ण क्षमतेपर्यंत लिहून परत वाचून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

मराठी फायलींचे प्रश्न : युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत केलेले मराठी काम हा येथील छपाई व्यावसायिकांच्या घरचा मोठा ठेवा आहे. श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाईल जपली आणि फॉन्ट हरवला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ उमटतो. काही प्रणालींना संगणकाला लावायचे हार्डवेअर लॉकही लागत असे. पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. तिच्या फायली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस ६ या आवृत्तीपर्यंतच थेट उघडतात. म्हणून अशा घरी फाईलबरोबर फॉन्ट आणि छापून ठेवलेली पीडीएफ, तिन्ही एकत्र ठेवण्याची रीत पडली, आणि ती सर्वांनी उचलावी अशी आहे.

फायलींची नावे देवनागरीत ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत नावाला २५५ एकके मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक घेते. लिनक्सच्या ईएक्सटी ४ पद्धतीत मर्यादा २५५ बाइटची आहे आणि युनिकोड लिहिण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे फक्त ८५ चिन्हे मावतात. यात काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात, त्यामुळे ‘सोलापूर’ एवढ्या नावालाच २१ बाइट लागतात. घरगुती नेटवर्क साठवण-पेट्या बहुधा लिनक्सवर चालतात. त्यामुळे ‘आजीच्या पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाची…’ अशी ऐसपैस नावे तेथे अडतात आणि नक्कल करणारा प्रोग्रॅम ती फाईल वगळून पुढे जातो. जोलिएट पद्धतीच्या सीडीवर तर ६४ चिन्हांचीच मुभा होती.

‘ऱ’ हे अक्षर याहून फसवे. युनिकोडमध्ये ते एका चिन्हाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन चिन्हांनीही. दिसायला फरक नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धती नावे फोडून, म्हणजे दुसऱ्या रूपात, साठवत असे; विंडोज जसे टंकले तसे ठेवते. त्यामुळे दोन्हींमध्ये प्रती फिरल्या, की ‘दुसऱ्या मजल्याचा नकाशा’ या एकाच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी-शेजारी दिसू शकतात. जागा वाचवण्यासाठी त्यांतील एक पुसताना ती जुनी आहे की नवी, हे तारीख पाहूनच ठरवावे लागते.

घराबाहेरची प्रत : गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली व १५ जीबीची मर्यादा उरली. या सेवा मुळात समक्रमण करतात; फोनवर पुसलेले तिकडेही पुसले जाते, कचरापेटीतील मुदत संपेपर्यंतच काय तो अवकाश. जुनी पद्धत आजही अनेक घरांत टिकून आहे : मुलगा किंवा मुलगी पुण्यात नोकरीला असते, सुमारे २५० किलोमीटरवर, आणि वर्षातून एकदा हार्ड डिस्क हुतात्मा एक्स्प्रेसने तिकडे जाते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीसारख्या प्रसंगी एकाच गल्लीतील दोन घरे सारखीच भिजतात, हे लक्षात घेता अंतर पुरेसे आहे. खंडणी मागणाऱ्या व्हायरसांपासूनही (वॉनाक्राय, मे २०१७) अशी प्रत वाचते. कायम जोडलेली बाह्य डिस्क संगणकाबरोबरच कूटबद्ध होते. दिवाळीच्या साफसफाईतच कपाटाबाहेर येणारी डिस्क, निव्वळ आळसामुळे का होईना, सुरक्षित राहते.

३१ मार्च हा २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. सोलापुरातील करसल्लागारांच्या घरी त्या दिवशी वर्षअखेरीची धांदल असते.

कायदेशीर बाजू : निव्वळ घरगुती माहितीच्या प्रतींवर बंधन नाही, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून वैयक्तिक व घरगुती वापर वगळलेला आहे. घरातील संगणकावर नोंदणीकृत धंद्याचे हिशेब असतील, तर मात्र वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम ३६ लागू होते व वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात. याच कायद्याखालील नियम ५७ इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप ठेवण्यास सांगतो, आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता आल्या पाहिजेत, अशी अट घालतो.